आत्यांचं पहिलं मत

आत्यांचं मत मांडव्याहून बोटीत चढलं तेव्हा ते माझ्या मांडीवर होतं. आमच्या भाड्याच्या खोल्यांत उतरणाऱ्या पाहुण्यांना सुकट बांधून द्यायला आणलेल्या जाड प्लास्टिकच्या कोऱ्या पिशवीत पाकीट, पिशवीचं तोंड सेलोटेपने बंद, आणि वर माझे दोन्ही हात. बोटीत वरच्या डेकला हवा चांगली लागते, पण पाणी उडतं, म्हणून मी खाली बसले. त्या दिवशीच्या यादीत आठ कामं होती. चादरींचं कापड, गिझरचा कॉक, सासऱ्यांचा चष्मा, अशी नेहमीचीच. चौथ्या ओळीवर मी 'महापौर' एवढाच शब्द लिहिला होता.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. बावन्न वर्षांपूर्वी, बाविसाव्या वर्षी, मुंबईत नर्सिंग करून त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथल्या एका मोठ्या शहरात राहिल्या. मताचं वय तेव्हा एकवीस होतं, आणि जाण्याआधी इथे मतदान आलं नाही. गेल्यावर इथलं मत राहिलं नाही, आणि तिथलं नागरिकत्व त्यांनी घेतलं नाही. आतोबा असेपर्यंत 'पुढच्या वर्षी परत जाऊ' असं चालायचं. आतोबा गेले, मग आत्यांनी अर्ज केला, आणि गेल्या वर्षी त्या रीतसर तिकडच्या झाल्या. "भारताचा पासपोर्ट परत करताना रडले असते गं," त्या मला म्हणाल्या होत्या, "पण मागे रांग मोठी होती."

तर चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना आयुष्यातलं पहिलं मत मिळालं, आणि पहिलीच निवडणूक आली ती त्यांच्या शहराच्या महापौराची. त्याच्या तीन महिने आधी त्या नागावला आमच्याकडे आल्या, आणि आठवडाभरात वाडीतल्या पाटाजवळ शेवाळावरून घसरल्या. अलिबागला ऑपरेशन झालं, पायात धातूची पट्टी बसवली. डॉक्टर म्हणाले, डिसेंबरपर्यंत विमान नाही.

आत्यांनी पाय कधी बरा होईल ते विचारलं नाही. "मग माझ्या मताचं काय?" असं विचारलं. डॉक्टरांना वाटलं, उपचारांत आपलंही मत घ्यावं असं त्या म्हणताहेत.

परदेशात अडकलेल्या मतदाराला तिकडे मतपत्रिका ईमेलने पाठवतात, हे आत्यांना माहीत होतं. मला नव्हतं. त्यांनी टॅबलेटवरून अर्ज केला, आणि एका सकाळी मी पाहुण्यांचे घावणे काढत असताना त्यांनी हाक मारली, "आली बघ." मी हात पुसून गेले. पडद्यावर खरोखरीची मतपत्रिका होती. शिपाई नाही, शिक्का नाही, पोलीस नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेली.

आमच्याकडे पंचायतीच्या मतदानाला आदल्या दिवशी माणसं पेट्या घेऊन येतात, शाळेत मुक्काम करतात, एकेका मतदाराचं बोट धरून शाई लावतात. ते काम मी जवळून पाहिलंय. त्यांचा चहा-पोह्यांचा डबा दर वेळी आमच्याच घरून जातो. मत म्हणजे एवढ्या सगळ्या बंदोबस्ताची वस्तू, असं माझ्या डोक्यात बसलेलं. ती अशी घरी येऊन उभी राहिली, आणि 'सावकाश वाच, सावकाश ठरव' म्हणाली, तेव्हा मी खुर्ची ओढून बसलेच.

अलिबागच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढायला गेले. त्याने दोन प्रती काढल्या.

"एकच हवी होती."

"राहू द्या ताई, एखादी खराब झाली तर." मग कागद उलटसुलट बघून म्हणाला, "महत्त्वाचं दिसतंय. लॅमिनेशन करू?"

महापौराला लॅमिनेशन नको, एवढं सांगून मी निघाले.

दुपारी शेजारचे मेंबर आले. हे पूर्वी दोनदा पंचायतीत निवडून आले, त्यामुळे सगळा गाव त्यांना अजून मेंबरच म्हणतो. मतपत्रिका आल्याची बातमी त्यांना आमच्या यजमानांनी दिली असणार. मेंबरांनी चष्मा लावला आणि कागद टेबलावर सपाट करून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"पाच नावं हायत. यातलं आपलं कोन?"

"ही बाई," आत्यांनी दाखवलं.

"निशाणी काय तिची?"

"निशाणी नाही, मेंबर. नुसतं नाव."

"मंग पक्ष?"

"तोही लिहीत नाहीत. आमच्या शहराची निवडणूक बिनपक्षाची असते."

मेंबरांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. "पक्ष न्हाय, निशाणी न्हाय. मंग मानसानं मत द्यायचं कशाला बघून?"

"माणसाला बघून," आत्या म्हणाल्या.

मेंबरांनी कागद पुन्हा सुलट केला. मग म्हणाले, "आमच्या पंचायतीत पण कागदावर पक्ष न्हायच. पन कुनाच्या मागं कोन, ते लहान लेकराला ठावं."

"तिथेही ठाऊक असतं. फक्त कागद सांगत नाही. आपण घरून शोधून जायचं."

पंचायतीच्या निवडणुकीत पक्ष नसला तरी निशाणी असते. कपबशी, कपाट, शिलाई मशीन. मेंबरांना एकदा छत्री मिळाली होती. भर उन्हाळ्यात पंधरा दिवस ते उघडी छत्री डोक्यावर धरून गावभर फिरले आणि निवडून आले. त्यामुळे निशाणीशिवाय निवडणूक त्यांना पटेना.

"आनि ही खालची वळ कोरी का?"

"यातलं कुणीच नको असेल तर आपल्या पसंतीचं नाव तिथे लिहायचं."

"म्हंजे माजं लिवलं तरी चालंल?"

"लिहिता येईल. मोजणार नाहीत."

"न्हाय मोजलं तर न्हाय. अमेरिकेत नाव तरी झालं आसतं."

"मेंबर," आमचे यजमान आतून म्हणाले, "आधी छत्री कुठे आहे ती शोधा."

आत्यांनी ती बाई का निवडली, ते आम्हाला तोवर पाठ झालं होतं. त्यांच्या इमारतीच्या कोपऱ्यावर बस थांबते. हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ सारणारी गाडी सगळं बर्फ त्या कोपऱ्यावर लोटून जायची, आणि म्हाताऱ्या माणसांना बसमध्ये चढायला तो ढीग ओलांडावा लागायचा. आत्यांनी पाच पत्रं लिहिली. ही बाई तेव्हा नगरसेविका होती. तिने उत्तर पाठवलं नाही, ती स्वतः आली, कोपरा बघून गेली, आणि पुढच्या बर्फात ढीग दहा फूट पलीकडे पडला. "दहा फूट," आत्या सांगायच्या, "माझ्यासाठी तेवढे पुरेत."

महापौराच्या खालीही कागद संपत नव्हता. शाळांच्या मंडळावर कोण, न्यायाधीश ठेवायचा की काढायचा, एका वाचनालयाची इमारत वाढवायची की नाही. मी विचारलं, "वाचनालयाचंही तुम्हालाच विचारतात?" आत्या म्हणाल्या, "मग कुणाला विचारणार?" आमच्या गावात वाचनालयाच्या पत्र्याचा प्रश्न मी स्वतः तीन ग्रामसभांच्या यादीत लिहिला होता. तो लिहिताना, हे मला कुणी विचारायला हवं, असं एकदाही मनात आलं नव्हतं.

मत द्यायच्या दिवशी आत्यांनी इस्त्रीची साडी नेसली. टेबल पुसून घेतलं, काळ्या शाईची दोन पेनं मागितली, आणि आम्हाला सांगितलं, "आता तुम्ही बाहेर व्हा."

"आत्या, तू कुणाला देणार ते सगळ्या आळीला माहितेय," यजमान म्हणाले.

"माहीत असू दे. बघायचं नाही."

आम्ही दोघं पडवीत उभे राहिलो. खोली-भाड्याची चौकशी करायला पुण्याचं एक जोडपं आलं, त्यांनाही यजमानांनी हळू आवाजात बाहेरच थांबवलं. "आत मतदान चालू आहे," म्हणाले. ती दोघं निमूटपणे नारळाखाली उभी राहिली. वीस मिनिटं आतून काही आवाज आला नाही. मी खिडकीकडे पाठ करून उभी होते, आणि का कोण जाणे, चपला काढल्या होत्या.

"झालं. या आता."

पुढचं काम माझं होतं. सूचनांचा कागद वाचून मी यादी केली होती. मतपत्रिका आतल्या पाकिटात. प्रतिज्ञापत्रावर नाव, पत्ता, तारीख, सही. ते बाहेरच्या पाकिटात. आत्या आल्यापासून हॉस्पिटलचे, गॅसचे, बँकेचे कागद मीच पुढे करत होते आणि सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारत होते, म्हणजे त्यांना चष्मा शोधावा लागत नसे. इथेही फुली मारली. आत्यांनी सही केली, शाईवर फुंकर घातली. मी यादीवर बरोबरची खूण केली आणि पाकीट चिकटवलं.

अलिबागहून कुरिअर मुंबईला जायलाच दोन दिवस लागले असते, म्हणून मी मांडव्याला जाऊन बोट धरली. फोर्टातल्या कुरिअरच्या कचेरीत ते पाकीट तिथल्या बाईच्या हातात देईपर्यंत मी पिशवीवरचे हात काढले नाहीत. समुद्र नेहमीसारखाच होता. पण आपल्याजवळ एका दूरच्या शहराचा कणभर कारभार आहे आणि तो आपण गेटवेपर्यंत नेतोय, हे तासभर सतत जाणवत राहिलं. असं मला सहसा काही जाणवत नाही. मला कामं असतात.

निकाल आम्हाला बुधवारी सकाळी कळला. आत्यांची बाई हरली, आणि थोडक्यात नाही, हजारोंनी. आत्यांनी टॅबलेट पालथा घातला, "बरं," म्हणाल्या, आणि चहा मागितला.

शनिवारी मेल आला. निकालानंतर आत्यांनी टॅबलेटला हात लावला नव्हता, म्हणून मेल मी उघडला. निवडणूक कचेरीचा होता. पाकीट वेळेत पोचलं आहे, पण आतल्या प्रतिज्ञापत्रावरची सही आमच्या नोंदीतल्या सहीशी जुळत नाही, येत्या शुक्रवारपर्यंत खुलासा करावा, नाहीतर मत मोजलं जाणार नाही. खाली पाकिटातल्या प्रतिज्ञापत्राचा फोटो होता. माझ्या पेन्सिलीची फुली, आणि तिच्यावर आत्यांची सही. मराठीत.

पन्नास वर्षं त्या तिथे इंग्रजीत सही करत होत्या. इथे आल्यावर हॉस्पिटलपासून सगळीकडे मराठीत करू लागल्या, आणि ते मला इतकं साहजिक वाटलं की दिसलंच नाही. सही आहे की नाही, एवढंच मी पाहिलं होतं. ती कोणती आहे, हे माझ्या यादीत नव्हतं.

त्या दिवशी मी त्यांना सांगितलं नाही. बाई हरलेली, फरक हजारोंचा, एका मताने काय होणार, असा सगळा हिशेब मनात मांडून मी सांगणं पुढे ढकललं. खरं तर चूक माझी होती आणि ती सांगायची लाज वाटत होती. रविवारी दुपारी आत्या पाय स्टुलावर ठेवून मोड आलेले वाल सोलत होत्या. मी समोर बसून दोन-चार सोलले आणि सांगितलं.

"सही जुळत नाही? कुणाची?"

"तुमची. मराठीत झालीय."

त्यांनी हातातला वाल खाली ठेवला. "मी केली?"

"मी फुली मारली, तुम्ही केली. मी बघायला हवं होतं."

"कमाल आहे तुझी. दुधाच्या पिशव्या तपासून घेतेस." मग म्हणाल्या, "आता काय करायचं म्हणतात?"

"फोन करायचा, एक फॉर्म भरायचा. शुक्रवारपर्यंत. पण आत्या, बाई तर हरल्या. आता ही धावपळ..."

"म्हणून?"

"म्हणून म्हटलं."

"अगं, मी ते जिंकायला दिलं नव्हतं, मोजायला दिलं होतं." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, सालांच्या ढिगाकडे बघत होत्या. "चौऱ्याहत्तर वर्षांत एक दिलं. तेही पाकिटातच राहिलं, तर मी दिलं असं कसं म्हणू?"

मी उठले आणि वहीत त्या आठवड्याची बाकीची सगळी कामं एक ओळ खाली सरकवली.

सोमवारी संध्याकाळी साडेसातला, तिकडे सकाळचे आठ वाजल्यावर, आम्ही फोन लावला. स्पीकर चालू, टेबलाभोवती आत्या, मी, यजमान, आणि बोलावलं नसताना आलेले मेंबर. पलीकडे एक तरुण बाई होती. तिने आधी आत्यांचं नाव नीट कसं उच्चारायचं ते विचारून घेतलं. दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "तुमचं पाकीट माझ्या समोरच आहे."

मी यजमानांकडे पाहिलं. मांडीवरून नेलेलं ते पाकीट. एवढ्या मोठ्या शहरात, निकाल लागून गेल्यावर, एका टेबलावर ते होतं, आणि एक माणूस त्याच्यासमोर बसलं होतं.

"सुकटीचा वास येतो का, विचार," यजमान पुटपुटले. आत्यांनी डोळे वटारले.

मतपत्रिकेचं आतलं पाकीट अजून बंदच आहे, ती सांगत होती. सही पटली की मगच ते उघडतात. ही सही तुम्हीच केलीत का? केली. कोणत्या लिपीत आहे? आत्यांनी सांगितलं. ती म्हणाली, सही कोणत्याही लिपीत असली तरी आमची हरकत नाही, फक्त आमच्याकडे असलेल्या सहीशी ती जुळायला हवी. फॉर्म पाठवते, त्यावर ओळखपत्रावर आहे तशी सही करा, ओळखपत्राची प्रत जोडा, ईमेलने परत पाठवा.

मला राहवलं नाही. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी विचारलं, निकाल तर लागला, मग हे का?

मोजणी पूर्ण झाल्याशिवाय निकाल पक्का होत नाही, ती म्हणाली. आणि कोण जिंकलं ते माझ्या विभागाचं काम नाही. माझ्याकडे पाकिटं आहेत. माझ्या यादीत काही नावं अशी राहिली आहेत ज्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. ती संपेपर्यंत मी एकेकाला फोन करते.

यादी म्हणजे काय, ते मला समजतं. मी रोज करते. एखाद्या ओळीसमोर खूण झाली नाही की दिवस मिटत नाही, हेही मला ठाऊक आहे. पण माझ्या यादीत चादरी असतात, गॅस असतो. तिच्या यादीत नागावची एक म्हातारी होती, जिचं मत कुणालाच जिंकवणार नव्हतं, आणि ती ओळ मिटवल्याशिवाय त्या बाईला पुढे जाता येत नव्हतं. फोन ठेवल्यावर मेंबरच आधी बोलले.

"तिनं फोन किती जनांना केलं आसतील?"

"जितकी पाकिटं अडली असतील तितक्यांना," आत्या म्हणाल्या.

"आनि यात तिचा उमेदवार कोन?"

"ते ती सांगणार नाही, मेंबर."

मेंबरांनी मान हलवली. त्यांनी आयुष्यात खूप मतं मोजून घेतली होती, मोजताना भांडलेही होते. उठताना मला म्हणाले, "सही नीट करून घ्या."

तेच अवघड निघालं. आत्यांना त्यांची इंग्रजी सही येईना. पासपोर्टवर होती ती लफ्फेदार, तिरकी, नर्सच्या चार्टवर घाईने करायची तशी. तीन महिने हात मराठीत चालला होता आणि वय होतं. त्यांनी माझ्या यादीच्या मागच्या बाजूवर गिरवून पाहिली. पहिली तीन नुसती अक्षरं झाली, सही झाली नाही.

"घाई नाहीये म्हणून होत नाही," आत्या म्हणाल्या. "तिथे कायम घाईत करायचे. तू जरा मला घाई कर."

मग मी उभी राहिले आणि घरात नेहमी करते तशी घाई केली. पाहुणे येतील, कुकर लागलाय, रेंज जाईल, आटपा आत्या. त्यांनी फॉर्म ओढला आणि पेन न उचलता एका झटक्यात सही केली. पासपोर्टशी ताडून पाहिली मी, एकेक वळण. या वेळी कुठेही फुली मारली नव्हती.

फॉर्म गेला. दोन दिवस शहराच्या संकेतस्थळावर आत्यांच्या नावापुढे तेच अडल्याचं वाक्य येत राहिलं. गुरुवारी सकाळी पाहुण्यांचा नाश्ता उरकून मी टॅबलेट उघडला, आणि तिथे दोनच शब्द होते. स्वीकारलं. मोजलं.

मी टॅबलेट आत्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, काढून पुसला, पुन्हा वाचलं. यजमान दारात येऊन उभे होते.

"काय आत्या, जिंकलीस?"

"कुठली," आत्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी ऑपरेशन यशस्वी झालं तेव्हाही पाहिलं नव्हतं. "आजपर्यंत ती बाई एकटी हरली होती. आता तिच्याबरोबर मीही हरले."